सांडव्यावरची नजर

हेरंब शेवडे यांनी बसवलेल्या बटणाने पहिल्या दिवशी निखळ काळे चित्र दिले. पडद्यावर वेळूशेत धरणाचा सांडवा फेसाळत वाहत होता, पाचही दरवाजे अर्धे उघडे होते; आणि ‘जतन करा’ हे बटण दाबताच संगणकात जी प्रतिमा उतरली, तिच्यात ना पाण्याचा थेंब होता ना दगडाचा कण.

“सर, भारनियमनातलं धरण दिसतंय हे,” शेजारच्या टेबलावरून शिफा मुजावर म्हणाली.

शेवडे हसले नाहीत. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकही दोष हसण्यावारी नेला नव्हता. त्यांनी वही उघडली, २ जानेवारी २०४३ अशी तारीख घातली आणि दोषाचे कारण लिहायला घेतले. वेब ॲपमधले हलते चित्र संगणकाच्या स्मृतीत एका ठरावीक जागी काढले जाते, तेथून पडद्याकडे धाडले जाते आणि ती जागा लगेच पुसली जाते. हे सेकंदाला साठ वेळा घडते. पाटीवर गणित सोडवावे, गुरुजींना दाखवावे आणि पुढच्या गणितासाठी पाटी पुसून टाकावी, तसा हा प्रकार. बटणाचा हात पाटीपर्यंत पोहोचेतो पाटी कोरी झालेली असते. उपाय सरळ होता: बटण दाबले की चित्र पुन्हा एकदा काढायचे आणि पुसले जाण्याआधीच त्याची नक्कल उचलायची.

सोमवारी चित्र आले, पण तेही धड नव्हते. सगळे धरण ओल्या काचेतून पाहावे तसे फिकट, ठोकळ्याठोकळ्यांचे. आणि मधोमध, दोन क्रमांकाच्या दरवाजापाशी, तळहाताएवढा भाग मात्र इतका रेखीव की लोखंडावरचे रिव्हेट मोजून घ्यावेत.

“कुणाचा तरी चष्मा पुसायला हवा,” शिफा म्हणाली, आणि मग खुर्ची ओढून जवळ आली. “थांबा सर. तुम्ही बटण दाबताना कुठं बघत होता?”

“दोन नंबरच्या दरवाजाकडे.”

“मग चित्र बरोबर आहे. ही तुमची नजर उतरली आहे.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि ते आपल्याआधी तिला सुचावे हे शेवड्यांना खटकले. माणसाच्या डोळ्याला स्वच्छ दिसते ते फार थोडे. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे, साधारण तेवढाच भाग डोळा बारकाईने टिपतो. बाकीचे धूसर असते आणि मेंदू ते आपल्या हिशेबाने भरून काढतो. ‘जलचित्र’ हे धरणांच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या केंद्राचे ॲप याच उणिवेवर उभे होते. वेळूशेतच्या पाण्याचे गणित चौकोनाचौकोनांनी मांडलेले होते. साऱ्या धरणाचे बारीक चौकोन मोजायचे तर केंद्राचा संगणक आठवडाभर घरघरत बसला असता. म्हणून पडद्यावरचा कॅमेरा पाहणाऱ्याच्या बुबुळांचा माग घेई आणि नजर जिथे असेल तिथलेच चौकोन बारीक करी. नजर जितकी रेंगाळेल तितके बारीक: मीटरभराचे वीतभर, वीतभराचे बोटभर. पाहणाऱ्याला सारेच धरण स्वच्छ असल्याचा भास होई. स्क्रीनशॉट मात्र दुसऱ्या डोळ्यांनी पाहायचा असतो, आणि त्या डोळ्यांना पहिल्याची नजर उघडी दिसे.

“हा दोष म्हणून नोंदवू?” शेवड्यांनी विचारले.

“राहू दे की सर. मृदुलाताईंना आवडेल.”

मृदुला ही खरवंडीकर सरांची मुलगी, आणि हे बटण खरे म्हणजे तिच्याच आग्रहाने होत होते.

यशवंत खरवंडीकर सरांनी शेवड्यांना तंत्रनिकेतनात द्रवयांत्रिकी शिकवली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली होती. पुढे सर वेळूशेतचे सल्लागार झाले आणि शेवडे त्यांच्यामागे केंद्रात आले. पुराच्या दिवसांत सरांबरोबर धरणाच्या माथ्यावर उभे राहून मोजमापे घेणारा, त्यांचे शब्द झेलणारा माणूस म्हणजे शेवडे. अठ्ठावीस वर्षे असा तो एकटाच होता. मग शिफा आली. मिरजेची मुलगी, तेव्हा जेमतेम पंचविशीची. सर निवृत्त झालेले असूनही ती रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसे, वाद घाली, प्रसंगी सरांना खोडून काढी. एका रविवारी शेवड्यांच्या देखत सर म्हणाले होते, “या पोरीला पाणी कळतं.”

चार शब्द. अठ्ठावीस वर्षांत शेवड्यांच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी शाबासकी “ठीक” ही होती.

दोन वर्षांपूर्वी सरांना पक्षाघात झाला. वाचा गेली, हातपाय गेले. बुद्धी शाबूत होती आणि डोळे हलत होते. वर पाहिले की ‘होय’, पापण्या मिटल्या की ‘नाही’. वेळूशेतला उजव्या बाजूने दुसरा, नवा सांडवा बांधायचे ठरले तेव्हा शिफाने सरांच्या पलंगासमोर पडदा बसवून दिला. जुना सांडवा आणि त्याचे दरवाजे हा संगणकातल्या प्रतिमानाचा भाग शेवड्यांनी रचलेला होता, नवा सांडवा शिफाने. सर नुसत्या नजरेने दरवाजे उघडत, पाणी सोडत, तासन्‌तास पाहत. बटणावर दोन सेकंद नजर ठेवली की त्याआधीच्या नजरेचे चित्र जतन होई.

“बाबांना काय दिसतं ते मला ठेवून घ्यायचंय,” मृदुलाने विनवले होते, “आणि हेरंबदादा, खरं सांगू का, वह्यांचाही निर्णय करायचा आहे.”

त्या वह्या बत्तीस होत्या. तीसेक वर्षांतल्या प्रत्येक पुरात वेळूशेतचे पाणी कुठून आले, कुठे आदळले, कुठे वळले, हे सरांनी स्वतः उभे राहून त्यांत लिहिले होते. सर धडधाकट असताना एवढेच म्हणाले होते की वह्या वाटू नका, एकाच हाती राहू द्या. तो हात कोणाचा, हे सांगायचे राहून गेले.

“हो की नाही विचारून ठरवता येईल,” शेवडे म्हणाले होते.

“विचारलं. दोघांची नावं घेतली. डोळे मिटून पडून राहिले, बराच वेळ. चिडले असावेत.” मृदुला म्हणाली, “पण कुणाचं काम त्यांना बघावंसं वाटतं, ते तर चित्रांत दिसेल ना?”

तेव्हा शेवड्यांना ही कल्पना उत्तम वाटली होती. आपल्या अकरा महिन्यांच्या कामात एक आकडा इकडचा तिकडे नाही याची त्यांना खात्री होती.

सहा ते चौदा जानेवारीच्या दरम्यान सरांनी सात चित्रे जतन केली. सातही चित्रांत जुना सांडवा धुक्यात होता. पाच दरवाजांचे पाच करडे ठोकळे झालेले, कडा नाहीत की रेषा नाहीत. आणि सातही चित्रांत उजवीकडे, शिफाच्या नव्या सांडव्यात, दोन प्रवाहांमधल्या विभाजक भिंतीचे टोक लख्ख उजळलेले.

“शिफा, तुझंच काम बघत असतात गं दिवसभर,” मृदुला केंद्रात आली तेव्हा सर्वांसमोर म्हणाली. “मी समोर जेवणाचं ताट धरलं तरी नजर हलत नाही.”

शिफा लाजली. तिने सातही चित्रे स्वतःच्या भ्रमणध्वनीवर मागून घेण्याचे धाडस केले नाही. नुसती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. शेवड्यांना तिचे ते लाजणेही ठरवून केल्यासारखे भासले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी सारी हकीकत पत्नीला सांगितली. नीलिमा बँकेतून निवृत्त झालेली; तिला धरणातले काही कळत नसे, पण नवऱ्यातले सगळे कळे.

“आठ वर्षं झाली,” ती म्हणाली. “तिचं नाव न घेता तुम्ही जेवलात असा एक दिवस दाखवा.”

“मी तिच्या कामाबद्दल बोलतोय.”

“तुम्ही त्या पोरीला पाण्यात पाहता, एवढंच मला दिसतं. आमटी वाढू?”

“सरांनी माझ्याकडं एकदाही बघू नये, नीलिमा?”

“म्हातारा माणूस आहे तो. डोळे आहेत त्याला, तराजू नाही. भात घ्या.”

शेवड्यांना भात गोड लागला नाही. मत्सर हा तसा गाजावाजा न करणारा विकार. तो शिस्तीच्या माणसात शिरला की शिस्तीनेच वागतो. शेवड्यांनी चित्रे पुसली नाहीत. नोंद नष्ट करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी बटण सुधारले. शुक्रवारी, १६ जानेवारीला, बदलाच्या नोंदीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: “जतन केलेले चित्र अंशतः अस्पष्ट येते अशी वापरणाऱ्यांची तक्रार. यापुढे जतन करताना संपूर्ण चित्र वीतभर चौकोनांच्या एकसमान सूक्ष्मतेने पुन्हा मोजावे.” तक्रार खरोखरच होती, धरणावरच्या दोन उपअभियंत्यांनी ती केली होती. नोंदीतले प्रत्येक वाक्य खरे होते.

आता बटण दाबले की सगळे धरण सारखेच स्वच्छ येई. कोणाची नजर कुठे होती याचा मागमूस राहत नसे. उपअभियंत्यांनी आभार मानले. केंद्रप्रमुखांनी बैठकीत शेवड्यांची नावानिशी दखल घेतली. शिफाही म्हणाली, “चित्र झक्क येतंय सर.”

मृदुलाचा फोन आला. “हेरंबदादा, आता सगळंच स्वच्छ दिसतंय. बाबा कुठं बघतात ते कळेनासंच झालं.”

“असल्या गोष्टी चित्रावरून ठरवू नयेत, मृदुला. घाई काय आहे?”

“तेही खरंच,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला विश्वास त्यांना थोडा टोचला, पण थोडाच.

पुढचे वीस दिवस सर चित्रे जतन करीतच राहिले. रोज दोन, कधी तीन. सगळी नितळ, सगळी एकसारखी. शेवडे ती उघडतही नसत. ते उघडत ती जुनी सात. दुपारच्या सुटीत, शिफा डबा घेऊन बाहेर गेली की ते ती सात चित्रे पडद्यावर ओळीने मांडत आणि पाहत बसत. दुखऱ्या दाताला जीभ जशी पुन्हा पुन्हा जाऊन लागते, तसे त्यांचे झाले होते. या भिंतीत असे आहे तरी काय? साधी भिंत. पुढे निमुळते टोक. कोणीही काढली असती.

गुरुवारी, ५ फेब्रुवारीला, त्यांनी उजळलेल्या भागातल्या चौकोनांचे माप काढले. हेतू एवढाच की सरांनी तिच्या भिंतीकडे किती वेळ पाहिले त्याचा आकडा हाती यावा. आपल्याला किती दुखायला हवे हे त्यांना नेमके हवे होते. पहिल्या चित्रात चौकोन वीतभराहून लहान होते. चौथ्यात चार बोटांचे. सातव्यात दोन सेंटिमीटरचे. एवढे बारीक व्हायला नजर चाळीस मिनिटे एका बिंदूवर खिळून राहावी लागते.

कौतुकाने कोणी चाळीस मिनिटे भिंतीचे टोक पाहत नाही. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी पहिल्यांदाच भिंत सोडून पाणी पाहिले.

भिंतीच्या टोकाशी, अगदी तळालगत, पाण्याच्या रेषा खाली वाकून उलट वळत होत्या. घागरीच्या तोंडाएवढा भोवरा. पहिल्या चित्रात तो नव्हता. चौथ्यात त्याची चाहूल होती. सातव्यात तो स्पष्ट होता, आणि त्याचे तोंड भिंतीच्या पायाखाली वळलेले होते. असा भोवरा मुरूम उपसतो. एक पावसाळा, दोन पावसाळे काही दिसत नाही. पाचव्या-सहाव्याला भिंत कलते, आणि भिंत कलली की नव्या सांडव्याचे पाणी जिथे जायला नको तिथे जाते. खाली नदीकाठी वेळूशेत गाव होते.

शेवड्यांनी त्या दिवशीच जतन झालेले, नव्या बटणाचे नितळ चित्र शेजारी उघडले. तिथे पाणी भिंतीला वळसा घालून शहाण्यासारखे पुढे जात होते. वीतभराच्या चौकोनात एवढासा भोवरा मावत नाही. तो सरासरीत विरघळतो. त्यांच्या सुधारलेल्या बटणाने वीस दिवसांत सरांची चाळीसएक पत्रे फाडून टाकली होती.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ते सरांकडे गेले. मृदुला चहा ठेवायला आत गेल्यावर त्यांनी पलंगाशेजारी स्टूल ओढले. सर पडद्याकडेच पाहत होते.

“सर, तिथं पाणी पायाखाली जातंय.”

सरांचे डोळे ताडकन वर गेले. होय. मग पुन्हा वर. पुन्हा होय.

“हेच तुम्ही दाखवत होता.”

होय.

शेवड्यांना एक विचित्र आनंद झाला. तीन आठवडे ज्याने त्यांना जाळले ते कौतुक नव्हतेच. सर चूक दाखवत होते, आणि ती चूक तिच्या भागात होती. ते पुढे वाकले.

“म्हणजे शिफाचं गणित चुकलं. तिला ते दिसलं नाही. हो ना, सर?”

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. काही क्षण ते डोळे शेवड्यांच्या चेहऱ्यावर थांबले आणि मग ते शांतपणे पडद्याकडे, भिंतीच्या त्या टोकाकडे परत गेले. शेवड्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. नजर हलली नाही.

“साखर किती, हेरंबदादा?” आतून मृदुलाने विचारले.

शुक्रवारी सकाळी शेवडे केंद्रात सर्वांच्या आधी आले आणि त्यांनी केंद्रप्रमुखांसाठी टिपण लिहायला घेतले. शीर्षक: “नव्या सांडव्याच्या प्रतिमानातील गंभीर त्रुटी.” दुसऱ्याच ओळीत “श्रीमती मुजावर यांच्या विभागात” हे शब्द आले आणि लेखणी कशी झरझर चालू लागली. वह्यांचा प्रश्न आता आपोआप सुटत होता. विभाजक भिंतीच्या पायात सोमवारी, नऊ तारखेला, काँक्रीट पडायचे होते. वेळेवर इशारा देणारा माणूस म्हणून त्यांचे नाव राहणार होते.

मग पुराव्याची ओळ आली. पुरावा ती सात चित्रे. प्रत्येकाखाली तारीख. सहा जानेवारी ते चौदा जानेवारी. आणि कोणीही विचारले असते: मग आजपर्यंत काय केलेत? पुढचे पान उलटले असते तर सोळा जानेवारीची नोंद होती, त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली.

त्यावर तोड होती. चित्रे नव्याने काढायची. बटण तासाभरासाठी जुन्या रीतीवर आणायचे, स्वतः भिंतीकडे चाळीस मिनिटे पाहायचे, आणि शोध आजच्या तारखेने, स्वतःच्या नावावर लावायचा. त्यांनी तसे केले. हनुवटी हातावर टेकवली, भिंतीच्या टोकावर नजर लावली. वीस मिनिटांनी पाहिले तर चौकोन वीतभरच. पन्नास मिनिटांनीही वीतभरच. नजर कुठेतरी निसटत होती. कुठे, ते त्यांना उमगत नव्हते. भोवरा त्यांना दर्शन देईना. मोठ्या संगणकावर वेळ मागायचा तर अर्जात कारण लिहावे लागे, आणि कारण म्हणजे पुन्हा तीच सात चित्रे.

दहा वाजता शिफा आली. पर्स ठेवली, पंखा लावला.

“लवकर आलात सर? नीलिमाकाकूंनी हाकललं का घरातून?”

शेवड्यांनी टिपणाचा कागद घडी करून खिशात घातला. सात चित्रांचे छापील कागद घेतले आणि तिच्या टेबलावर ओळीने ठेवले.

“हे बघ. तळाशी बघ. शेवटचं आधी.”

ती वाकून पाहू लागली. तिला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. तिने सातव्या चित्रातल्या भोवऱ्यावर बोट ठेवले. “हे पायाखाली उपसणार,” ती स्वतःशी म्हणाली. मग तिने तारखा पाहिल्या. “सर, ही सरांची चित्रं ना? जानेवारीतली?”

“हो.”

“आणि बटण तुम्ही सोळाला बदललंत.”

“हो.”

“चित्र स्वच्छ यावं म्हणून.”

शेवड्यांना ‘हो’ म्हणता आले असते. नोंदीत तसेच होते. “नाही,” ते म्हणाले. “सर तुझ्या कामाकडं बघतात हे मृदुलाला दिसू नये म्हणून.”

बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली, त्याचा खडखडाट ऐकू आला. शिफा खाली बसली.

“भोवरा तुम्हाला तेव्हा माहीत होता?”

“नाही. काल कळला. पण मी बटण बदललं नसतं तर तुला केव्हाच कळला असता.”

“तीन आठवडे, सर.” तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे तो जास्त लागला. “तिथं सळई बांधून झालीये. माणसं उतरलीत त्या खड्ड्यात.” तिने सातवे चित्र पुन्हा उचलले. “आणि मी काय समजत होते ठाऊक आहे? मृदुलाताई बोलल्या त्या दिवशी घरी जाऊन अम्मीला शिरखुर्मा करायला लावला. ईद नाही, काही नाही. ती म्हणाली, कशाबद्दल? मी म्हटलं, सरांना माझं काम आवडतंय.”

ती हसायला गेली, पण ते जमले नाही. मग तिने फोन उचलला आणि धरणावरच्या उपअभियंत्याला लावला.

“सोमवारचं काँक्रीट थांबवा. भिंतीच्या पायाचं. हो, पूर्ण थांबवा… कारण लेखी पाठवते. चूक माझ्या भागातली आहे. लिहा की, माझंच नाव लिहा.”

इतक्या सहज कोणी असे म्हणताना शेवड्यांनी ऐकले नव्हते. क्षणभर त्यांना त्या सहजतेचाही हेवा वाटला, आणि तो वाटल्याची मनस्वी लाज वाटली.

“बटणाचं मी लिहून देतो,” ते म्हणाले. “माझ्या नावानं.”

“द्या,” ती म्हणाली. ‘राहू दे सर’ असे ती म्हणेल अशी थोडी आशा त्यांना होती.

त्यांनी लिहून दिले. मोठ्या संगणकाने दोन दिवस घेतले आणि भोवरा खरा असल्याचे सांगितले. भिंत चार मीटर लांबवायची आणि टोक गोलसर करायचे ठरले. केंद्रप्रमुखांनी शेवड्यांना आत बोलावून दार लावून घेतले. काय बोलणे झाले ते बाहेर आले नाही, पण बटणाच्या बदलाला यापुढे दोन सह्या लागतील असा आदेश निघाला. दुसरी सही शिफाची.

मृदुलाला सांगायचे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकले नाही. तिने सगळे ऐकून घेतले. सर आतल्या खोलीत झोपले होते.

“मला वाटलं, बाबा कौतुकानं बघतायत,” ती म्हणाली.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून तर घोळ झाला.”

“आणि तुमच्या भागाकडं त्यांनी बघितलंच नाही, त्याचा अर्थ काय धरायचा मग?”

हा प्रश्न शेवड्यांच्या मनात आठवडाभर होता. कदाचित त्यांचे काम इतके निर्दोष होते की सरांची नजर अडायला जागाच नव्हती. कदाचित ते पाहण्याजोगेही वाटले नव्हते. सर आत होते. जागे झाल्यावर विचारता आले असते, आणि होय किंवा नाही असे उत्तरही मिळाले असते.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. त्यांनी विचारले नाही.

“मग वह्यांचं काय करू, हेरंबदादा? तुम्हीच सांगा. मला आता कुणाच्या नजरेचा भरवसा वाटत नाही.”

शेवड्यांनी कपाटाच्या काचेतून दिसणाऱ्या वह्यांच्या रांगेकडे पाहिले. त्यांतल्या निम्म्या वह्या लिहिल्या जात असताना सरांच्या डोक्यावर छत्री त्यांनीच धरली होती.

“भिंतीची दुरुस्ती शिफाला करायची आहे. पुराचे आकडे तिला लागतील,” ते म्हणाले. मृदुलाने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले आणि कपाटाची किल्ली आणायला गेली.

फेब्रुवारीच्या अखेरीस शिफाने बटणाची नवी रीत बसवली. आता एकदा दाबले की दोन चित्रे उतरत: एक सगळीकडे सारखे, दुसरे पाहणाऱ्याच्या नजरेचे. चाचणी घेणारा माणूस रचना करणाऱ्याहून वेगळा हवा, असा केंद्राचा नियम. म्हणून चाचणी शेवड्यांकडे आली. कृती लेखी होती. सुधारलेल्या भिंतीच्या टोकाकडे पाच मिनिटे पाहावे, बटण दाबावे, पहिल्याच दाबाची दोन्ही चित्रे निकालासोबत जोडून रचनाकारास पाठवावीत.

त्यांनी चष्मा पुसला. पाच मिनिटे घड्याळ लावून पाहिले. गोल टोकावरून पाणी संथ सरकत होते, तळाशी वळत नव्हते. काम चांगले झाले होते. ते आपण निखळ मनाने पाहिले याचे त्यांना समाधान वाटले. त्यांनी बटण दाबले.

पहिले चित्र निर्दोष होते. दुसऱ्यात भिंतीचे टोक जेमतेम वीतभर चौकोनांत उमटले होते. खरी बारीक, कोरून काढावी अशी रेखीव जागा भलतीकडेच होती: उजव्या कोपऱ्यात अगदी खाली, जिथे रचना करणाऱ्यांची नावे लहान अक्षरांत होती. ‘नवा सांडवा : शिफा मुजावर’. प्रत्येक अक्षराची वेलांटी न्‌ वेलांटी लख्ख. त्याच्या वरच्या ओळीतले त्यांचे स्वतःचे नाव म्हणजे नुसता करडा फराटा.

शेवड्यांनी मान वर केली. खोलीत शिफाखेरीज कोणी नव्हते आणि तिची पाठ त्यांच्याकडे होती. टेबलावर तिसरी वही उघडी ठेवून ती आकडे उतरवत होती. चित्र टाकून द्यायचे, पुन्हा पाच मिनिटे पाहायचे, या वेळी नीट. कोणाला कळले असते? पण कृतीत लिहिले होते की पहिल्याच दाबाचे चित्र जोडावे. त्यांनी निकालाचा तक्ता भरला, दोन्ही चित्रे जोडली, एकदा डोळे मिटले आणि पाठवून दिले.

शिफाच्या पडद्यावर ते उघडलेले त्यांना दिसले. तिची लेखणी थांबली. ती वळली नाही. जरा वेळाने तिने टंकायला सुरुवात केली, आणि शेवड्यांच्या पडद्यावर निकालाखाली तिची दुसरी सही आणि एक ओळ उमटली.

“चाचणी मान्य. बटण बरोबर चालतंय, सर.”